कुळागरात उतरणारी रानडुकरे, झरीचे पाणी आणि जिवाणूंचे आजार

सत्तरीचे कुळागर (प्रश्न)

सर्वांस नमस्कार. माझे कुळागर सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्याच्या हद्दीपासून फार लांब नसलेल्या एका डोंगरउतारावर आहे. पोफळी, थोडे माड, केळी, मिरवेली आणि कडेला सुरण व कणगी, असा नेहमीचा संसार. पाणी डोंगरातल्या झरीचे. ते आधी एका लहान तळीत साठते, तेथून पाटाने पोफळींच्या आळ्यांत फिरते आणि शेवटी गोठ्याजवळच्या दगडी डोणीत पडते, जिथे आमच्या चार गाई पाणी पितात. चवथ होऊन पाऊस ओसरू लागला की रानडुकरांचा कळप रात्री खाली उतरतो, हे गेली काही वर्षे ठरूनच गेले आहे. सुरण उकरले जातात, केळीचे कोंब उपटले जातात, त्याचे दुःख आहेच. परंतु या वर्षी त्यांनी तळीच्या वरच्या अंगाला, झर जिथे जमिनीतून बाहेर येते नेमक्या त्याच ठिकाणी, लोळण्याची जागा केली आहे. सकाळी पाहावे तर पाणी गढूळ, चिखलात खुरांचे ठसे आणि शेजारच्या पोफळींच्या बुंध्यांना गुडघ्याच्या वरपर्यंत चिखल फासलेला.

गेल्या महिन्यात दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. आळी साफ करणाऱ्या आमच्या एका कामगाराला ताप भरला, डोळे लाल झाले आणि पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की त्याला उकिडवे बसवेना. रुग्णालयात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापाचे) निदान झाले, वेळेवर औषध मिळाले आणि तो आता कामावर परतला आहे. त्यानंतर आठवड्याभरात आमच्या कुत्र्याने रानाच्या कडेला मेलेल्या डुकराचा पाय ओढत अंगणात आणला. आईने तो काठीने बाजूला केला, पण तोपर्यंत कुत्र्याचे खाऊन झाले होते.

गावात विचारले तर दोन टोकांची उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो, रानातला जीव रानातले कंदमूळ खातो, त्याला रोग कसला. कोणी म्हणतो, तळी बुजवून टाका आणि कूपनलिका खोदा. मला दोन्ही पटत नाहीत. रानडुकरांमधून माणसाला किंवा गुरांना खरोखर कोणते जिवाणूजन्य आजार होऊ शकतात, ते कोणत्या वाटेने येतात, आणि झरीचे पाणी न सोडता काय करता येईल, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे. डुकरे मारण्याचे उपाय कृपया सुचवू नयेत. ते कायद्यात बसत नाही आणि मला ते करायचेही नाही.

निवृत्त पशुवैद्य, फोंडा

आपण प्रश्न नीट मांडला आहे, म्हणून उत्तरही थोडे सविस्तर देतो. परंतु त्याआधी एक गोष्ट विचारतो, आणि तिचे उत्तर सर्वांत आधी हवे आहे. मेलेल्या डुकराच्या नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठलेले रक्त आलेले दिसले होते काय, आणि आसपास आणखी जनावरे अचानक मेली आहेत काय? हे विचारण्याचे कारण काळपुळी (अँथ्रॅक्स). केरळमध्ये त्रिशूर जिल्ह्यातील अतिरप्पिळ्ळीच्या जंगलात जून 2022 मध्ये रानडुकरे मेली, तेव्हा तपासणीत काळपुळीचाच जिवाणू सापडला होता. डुक्कर या रोगाला गाय किंवा शेळीपेक्षा बरेच चिवटपणे तोंड देते, म्हणून असे प्रसंग विरळाच. पण शवाला चीर पडली की जिवाणूला हवा लागून त्याचे बीजाणू बनतात आणि ते मातीत कित्येक दशके टिकतात. संशय असलेले शव कधीही फाडू नये, ओढू नये, उघड्यावर ठेवू नये. शिवाय वन्यप्राण्याचे शव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 39 व्या कलमाप्रमाणे शासनाची मालमत्ता असते, म्हणून परिक्षेत्र वनाधिकाऱ्याला कळवणे हाच एक मार्ग आहे. त्याची विल्हेवाट ते पशुवैद्यकाला सोबत घेऊन लावतात.

आता आपल्या तळीकडे येतो. लेप्टोस्पायरा हा जिवाणू जनावराच्या मूत्रपिंडात वस्ती करतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. डुकरांच्या बाबतीत पोमोना, ब्रातिस्लावा आणि तारासोव्ही हे त्याचे प्रकार जगभर ओळखीचे आहेत. डुकराला घाम येत नाही म्हटले तरी चालेल, म्हणून अंग थंड ठेवायला आणि गोचिडांपासून सुटका करून घ्यायला ते चिखलात लोळते, आणि लोळता लोळता तिथेच मूत्रविसर्जनही करते. उबदार, ओलसर, फारशी आम्लता नसलेल्या मातीत हा जिवाणू आठवडे, कधी महिनेसुद्धा जगतो; उन्हात सुकला की मात्र लवकर मरतो. यावरून आपल्या लक्षात येईल की वाहता पाट तितका धोक्याचा नाही, जितकी झरीच्या तोंडाशी असलेली, सावलीतली आणि कधी न सुकणारी ती लोळण आहे. आपला कामगार अनवाणी काम करत असेल आणि त्याच्या पायाला भेग किंवा खरचटलेले असेल, तर जिवाणूला आत शिरायला एवढी वाट पुरते.

तरीही सारा दोष डुकरांवर टाकायला मी तयार नाही. लेप्टोचा सर्वांत मोठा साठा उंदीर-घुशींमध्ये असतो, आणि सुपारीच्या राशी, भाताची कोठी व गोठा जिथे एकत्र आहेत तिथे उंदीर असतातच. आपल्या गाईसुद्धा हार्डजो नावाचा प्रकार वर्षानुवर्षे बाळगून असू शकतात. बाहेरून काही दिसत नाही, फक्त एखादी गाय अवेळी गाभ टाकते किंवा दूध अचानक आटते. कामगाराला लेप्टो कोणत्या जनावराकडून आला हे नुसत्या तापावरून सांगता येत नाही. त्यासाठी रोग्याच्या रक्तात कोणत्या प्रकाराविरुद्ध प्रतिपिंडे (शरीराने जिवाणूशी लढायला बनवलेली प्रथिने) वाढली आहेत हे सूक्ष्मदर्शकाखालच्या गुठळी चाचणीने पाहतात, आणि तिथेही उत्तर दरवेळी स्पष्ट येत नाही.

दुसरा जिवाणू ब्रुसेला. त्याच्या जाती अनेक असून डुकरातल्या जातीला ब्रुसेला सुइस म्हणतात. युरोपातील रानडुकरांत आणि सशांत तिचा दुसरा उपप्रकार आढळतो, तो माणसाला क्वचितच त्रास देतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये आणि अमेरिकेत मोकाट डुकरांत जो पहिला उपप्रकार आहे, तो मात्र शिकाऱ्यांना आजारी पाडतो. तिथे शिकारीच्या कुत्र्यांना कच्चे मांस खाल्ल्याने हा संसर्ग झाल्याची उदाहरणे बरीच आहेत: पाठ धरणे, वृषणाला सूज, गाभण कुत्रीचा गर्भपात. म्हणून आपल्या कुत्र्याकडे लक्ष ठेवा आणि त्याचे रक्त तपासून घ्या. इथे एक बारकावा आहे. कुत्र्यांसाठी सहज मिळणारी ब्रुसेला चाचणी बहुधा ब्रुसेला कॅनिससाठीची असते, आणि त्या जिवाणूचा पृष्ठभाग वेगळा असल्यामुळे ती ब्रुसेला सुइसला पकडत नाही. गुरांसाठी वापरतात ती रोझ बेंगाल चाचणी करून मागा. कुत्रा नर असो वा मादी, निकाल येईपर्यंत त्याला प्रजननापासून दूर ठेवा आणि त्याची लघवी साफ करताना हातमोजे घाला.

गाईंबाबत थोडक्यात. आपल्याकडे गुरांमधला सांसर्गिक गर्भपात बहुतांशी ब्रुसेला अबॉर्टसमुळे होतो, आणि 2019 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना त्याची लस दिली जाते. ती चुकवू नका. गुरांच्या घटसर्पाची (माणसांतला घटसर्प वेगळा) लसही पावसाळ्यापूर्वी घ्या. घटसर्पाचे वर्णन बोलिंगर यांनी 1878 साली म्युनिकजवळच्या साथीत हरणे, रानडुकरे आणि गुरे या सगळ्यांत मिळून केले होते, एवढी या रोगाची रानाशी जुनी सोयरीक आहे. माणसाला त्यापासून काळजीचे कारण नाही. गाभ टाकलेल्या गाईची वार मात्र उघड्या हाताने कधीच उचलू नये आणि कुत्र्यापुढे टाकू नये.

सांग्याचा बागायतदार

पशुवैद्यांनी उंदरांचा उल्लेख केला हे बरे झाले, कारण आमच्या भागात ताप आला की डुकरांचे नाव निघते आणि कोठीतल्या उंदरांना सारे विसरतात.

माझ्या कुळागराची रचना तुमच्यासारखीच होती. आम्ही झरीच्या तोंडाशी चिऱ्यांची एक लहान पेटी बांधली, वर काँक्रिटचे झाकण घातले आणि तिथून पाणी बंद नळीने थेट टाकीत घेतले. जास्तीचे पाणी खालच्या बाजूला, पाटाला न मिळता, व्हाळाकडे सोडले. पहिल्या वर्षी डुकरांनी पेटीभोवतीची माती उकरून पाहिली. पुढच्या वर्षापासून ती खालच्या ओलीत जाऊन लोळू लागली. त्यांना चिखल हवा असतो, आपली झरच हवी असा त्यांचा हट्ट नाही. चिखल त्यांना दुसरीकडे मिळू द्यावा, पण तो आपल्या पाण्याच्या वर नसावा, एवढे साधले की निम्मे काम झाले. कुंपणासाठी सौर झटक्याचे कुंपण घालता येते. घरच्या विजेची तार ओढण्याचा वेडेपणा मात्र कोणी करू नये, त्यात डुकरापेक्षा माणसे मरतात आणि तो गुन्हाही आहे.

एक अनुभव सांगतो, तो विषयाला थोडा बाजूने स्पर्श करतो. दोन वर्षांमागे बाजारातून आणलेला मासा साफ करताना माझ्या बोटात काटा शिरला. तिसऱ्या दिवशी बोट जांभळट लाल होऊन ठणकू लागले, कडा उंच आणि स्पष्ट, पण पू नाही आणि तापही नाही. आधी दोन ठिकाणी मलमे मिळाली. शेवटी एका वयस्क डॉक्टरांनी हात पाहताच विचारले, तुम्ही मासे साफ करता की डुकराचे मांस कापता? मी चकित झालो. त्यांनी सांगितले की एरिसिपेलोथ्रिक्स नावाचा जिवाणू डुकरांच्या टॉन्सिलमध्ये निवांत राहतो, माशांच्या अंगावरच्या चिकट थरातही असतो, आणि मासेवाले, खाटीक व शिकारी यांच्या बोटांना तो नेमका असाच धरतो. पेनिसिलिनने आठवड्यात बोट पूर्ववत झाले. आपल्या गोव्याच्या स्वयंपाकघरात एका दिवशी इसवण आणि दुसऱ्या दिवशी डुकराचे मांस एकाच विळीवर येते, तेव्हा ही ओळख असलेली बरी.

तापाची ओपीडी, म्हापसा

मी मानवी वैद्यकातला आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. आपल्या कामगाराचे निदान लवकर झाले याचे श्रेय त्याच्या पोटऱ्यांना द्यायला हवे; ताप, पोटऱ्यांची तीव्र दुखणी आणि पू नसलेले लाल डोळे हे त्रिकूट एकत्र दिसले की आमच्याकडे लेप्टोचा विचार आपोआप होतो. पुष्कळ रुग्णांत ते तसे एकत्र दिसत नाही, आणि मग सारे काही रुग्णाने काय सांगितले यावर अवलंबून राहते. संसर्गानंतर साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो, त्यामुळे मागच्या दोन आठवड्यांत चिखलात, शेतात, व्हाळात उतरलात का, हे रुग्णाने न विचारता सांगावे. रक्तातील आयजीएम प्रतिपिंडे पहिले पाच-सात दिवस दिसत नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी केलेली चाचणी नकारात्मक आली म्हणजे लेप्टो नाही असे होत नाही, आणि अनुभवी डॉक्टर संशयावरच डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन गटातले औषध सुरू करतात. डोळे पिवळे होणे, लघवी कमी होणे, धाप लागणे किंवा थुंकीतून रक्त येणे, यांपैकी काहीही झाले तर घरी थांबू नये. ज्या रुग्णालयात डायलिसिसची आणि अतिदक्षतेची सोय आहे तिथेच, म्हणजे जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात), त्याच दिवशी जावे.

पावसाळ्यात शेतावर काम करणाऱ्यांना आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिनची 200 मिलीग्रॅमची मात्रा देण्याची पद्धत आहे. तुमच्या कामगारांसाठी ती योग्य ठरेल काय, हे आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी ठरवावे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना हे औषध देत नाहीत, आणि गोळी घेतली म्हणून गमबूट काढून ठेवण्यात अर्थ नाही.

ब्रुसेलाची गोष्ट वेगळी आहे, आणि मला तिची अधिक धास्ती वाटते, कारण ती दबक्या पावलांनी येते. संसर्गापासून लक्षणांपर्यंत बहुधा दोन ते चार आठवडे जातात, कधी काही महिनेही. ताप चढतो, उतरतो, संध्याकाळी घाम फुटतो, कंबर आणि सांधे दुखतात, पुरुषांत वृषण सुजते. रुग्ण एकाकडून विषमज्वराचे औषध घेतो, दुसऱ्याकडे क्षयाच्या तपासण्या होतात, आणि या फिरतीत महिने निघून जातात. अशा रुग्णाने आपला गुरांशी, वारेशी, कच्च्या दुधाशी किंवा डुकराच्या शवाशी संबंध आला होता, एवढे एक वाक्य सांगितले तर दिशा मिळते. रक्ताचे संवर्धन (रक्तातला जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे) करताना प्रयोगशाळेला ब्रुसेलाचा संशय आहे हे कळवावे लागते, एक तर तो जिवाणू सावकाश वाढतो म्हणून, आणि दुसरे म्हणजे प्रयोगशाळेतल्या माणसांना हवेतून त्याची लागण सहज होते म्हणून. उपचार दोन औषधांचा आणि सहा आठवड्यांचा असतो. ताप गेला म्हणून तिसऱ्या आठवड्यात गोळ्या सोडणारे रुग्ण पुन्हा येतात. कुत्र्याने आणलेला पाय आईंनी काठीने सरकवला हे उत्तम झाले. तरी त्यांना पुढच्या दोन-तीन महिन्यांत रेंगाळणारा ताप आला तर ही घटना डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

सत्तरीतला ताप म्हटला की आणखी दोन नावे येतात, ती इथे वेगळी काढून ठेवतो. 2015 मध्ये पाळी गावात काजू बागायतीतल्या लोकांमध्ये पसरलेला माकडताप हा विषाणूचा आजार, गोचिडांमधून येणारा. त्याचा डुकरांच्या चिखलाशी संबंध नाही आणि त्याला प्रतिजैविकांचा उपयोग नाही. स्क्रब टायफस जिवाणूचाच आहे, पण तो झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो, काखेत किंवा कमरेला काळी खपली शोधावी लागते, आणि तो डॉक्सिसायक्लिनला चांगला दबतो.

मांसाविषयी कोणी विचारले नाही, तरी विचारतीलच. रानडुकराचे मांस बाळगणे गुन्हा आहे, तेव्हा तो विषय तिथेच संपतो. पाळीव डुकराचे मांस पूर्ण शिजले की, काळपुळीचे बीजाणू सोडले तर, वर उल्लेखलेले सारे जिवाणू मरतात. धोका शिजवण्याआधी, कापणाऱ्या हातांना असतो. स्ट्रेप्टोकॉकस सुइस हा त्यातला सर्वांत क्रूर. चीनच्या सिचुआन प्रांतात 2005 साली त्याने 215 जणांना गाठले आणि 38 दगावले. बहुतेकांनी आजारी किंवा मेलेली डुकरे कापली होती. त्याच्या मेंदूज्वरातून वाचलेल्या कितीतरी रुग्णांची श्रवणशक्ती कायमची जाते. व्हिएतनाम व थायलंडमध्ये कच्चे रक्त खाण्यामुळेही तो होतो. आपल्या सोरपोतेलात रक्त पडते ते पुरते शिजते, एवढा फरक लक्षात ठेवावा. चोरीसाला (डुकराच्या मांसाच्या सॉसेजला) मीठ, व्हिनेगर आणि धूर लागला तरी तो कच्चाच असतो, शिजवूनच खावा. फ्रीजमध्ये ठेवलेले मांस सुरक्षित, असेही समजू नये. येर्सिनिया नावाचा डुकरांच्या टॉन्सिलमधला जिवाणू चार अंश तापमानातही वाढतो.

सूक्ष्मजीवांचा अभ्यासक

चर्चा चांगल्या वाटेवर आहे. मी फक्त वाचकांना एका गैरसमजापासून सावध करू इच्छितो. वर्तमानपत्रात अधूनमधून येते की अमुक जंगलातल्या इतक्या टक्के रानडुकरांत अमुक रोग सापडला. मूळ अभ्यास उघडून पाहिला तर तिथे बहुधा रोग सापडलेला नसतो, प्रतिपिंडे सापडलेली असतात. प्रतिपिंड म्हणजे त्या जनावराची आयुष्यात केव्हातरी त्या जिवाणूशी गाठ पडली होती, एवढेच. आज ते जिवाणू बाहेर टाकते आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यातही ब्रुसेलाच्या बाबतीत एक मोठी फसगत आहे: येर्सिनिया एन्टरोकोलिटिकाचा ओ:9 हा प्रकार आणि ब्रुसेला यांच्या पृष्ठभागावरची शर्करेची साखळी जवळजवळ सारखी आहे, त्यामुळे साधी येर्सिनिया होऊन गेलेले डुक्कर रोझ बेंगालमध्ये ब्रुसेलाचे ठरते. आताच आपण वाचले की डुकरांच्या टॉन्सिलमध्ये येर्सिनिया सामान्य आहे. तेव्हा अशा आकड्याला संवर्धनाची किंवा पीसीआरची (जिवाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीची) जोड आहे काय, हे पाहिल्यावाचून विश्वास ठेवू नये. कुत्र्याच्या चाचणीलाही हाच नियम लागू.

दुसरी गोष्ट दाटीची. रानडुक्कर एखाद्या जिवाणूचे कायमचे घर बनते ते केव्हा, याचे सर्वांत चांगले उदाहरण स्पेनचे आहे. तिथल्या दक्षिण व मध्य भागात, दोन्याना राष्ट्रीय उद्यानासह, गुरांचा क्षय म्हणजे मायकोबॅक्टेरियम बोव्हिस रानडुकरांत मुरला आहे. शिकारीत मारलेल्या डुकराच्या जबड्याखालच्या लसिकाग्रंथी कापल्या की गाठी दिसतात. शिकारीसाठी कुंपणे घालून, चारा टाकून डुकरांची दाटी वाढवली गेली, आणि कोरड्या उन्हाळ्यात उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर डुकरे, हरणे आणि गुरे एकत्र येऊ लागली. क्षयाला आणखी काय हवे? गाईंचा क्षय आटोक्यात आणण्याची तिथली मोहीम रानातल्या या साठ्यापाशी येऊन अडते, म्हणून आता रानडुकरांना तोंडावाटे लस देण्याचे प्रयोग चालले आहेत. आपल्या प्रश्नाशी याचा धागा असा, की एप्रिल-मे महिन्यांत जेव्हा रानातले व्हाळ आटतात, तेव्हा तुमची डोण हा असा एकमेव पाणवठा होऊ नये. गाईंची डोण रात्री रिकामी किंवा झाकलेली ठेवा, आणि सुरण, फणसाची साले, केळफूल यांचा कचरा डुकरांना आमंत्रण देईल असा उघड्यावर टाकू नका. गाव जेवढा कचरा टाकतो, तेवढी दाटी वाढते. यात गावातली मोकळी फिरणारी पाळीव डुकरेही धरा, कारण रानातल्या व गावातल्या डुकरांचा कचऱ्यावर जो मेळ होतो त्यातून संसर्ग दोन्ही दिशांनी जातो.

भाजीबद्दल एक सूचना. 2006 मध्ये अमेरिकेत पालकाच्या भाजीमधून ई. कोलाय ओ157 चा उद्रेक झाला, सुमारे 200 जण आजारी पडले आणि 3 दगावले. माग काढत तपास कॅलिफोर्नियातल्या शेतापर्यंत पोहोचला, तेव्हा तोच जिवाणू जवळच्या गुरांच्या शेणात, मोकाट डुकरांच्या विष्ठेत आणि ओढ्याच्या पाण्यातही मिळाला. भाजीपर्यंत तो नेमका कोणी नेला हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. ज्या वाफ्यात डुकरे फिरली, तिथली पालेभाजी किंवा कोथिंबीर कच्ची खाऊ नये, शिजवून खावी. आणि तळीचे पाणी भाजी धुवायला वापरू नये.

सत्तरीचे कुळागर

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिले, मनःपूर्वक आभार. पशुवैद्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. शवाच्या नाकातोंडाशी रक्त नव्हते, आसपास दुसरे जनावर मेलेले नाही, आणि वनखात्याच्या माणसांच्या म्हणण्याप्रमाणे मागच्या फऱ्यावर तारेचा फास रुतल्याची खूण होती, म्हणजे ते बहुधा कोणाच्या तरी फाशात सापडून निसटले आणि पुढे येऊन मेले. त्यांनी नमुने घेतले, खोल खड्डा काढून चुना घातला आणि शव पुरले. फास लावणारा कोण, याची चौकशी ते करत आहेत. अंगणात जिथे पाय पडला होता ती जागा आम्ही ब्लीचिंग पावडरीने धुतली आणि चार दिवस उन्हात मोकळी ठेवली.

झरीच्या तोंडाशी चिऱ्यांची पेटी बांधायला गवंडी सोमवारी येतो आहे. जुनी लोळण मी बुजवणार नाही, तिच्यातले पाणी खालच्या व्हाळाकडे चर काढून सोडणार आहे, म्हणजे ती माघ महिन्यापर्यंत सुकेल. कामगारांसाठी गमबूट आणले. दोघांनी घातले, तिसऱ्याचे म्हणणे असे की बुटात पाय घसरतो आणि पोफळीवर चढता येत नाही. चढताना काढ आणि आळ्यात उतरताना घाल, यावर सध्या तडजोड झाली आहे. पायाच्या भेगांना लावायला मलम आणि चिखलातून आल्यावर पाय धुवायला नळाचे पाणी व साबण गोठ्याजवळ ठेवला आहे. सुपारीची रास घरातून हलवून उंच माळ्यावर नेली, उंदरांसाठी पिंजरे लावले, पहिल्याच रात्री तीन सापडले.

कुत्र्याचे रक्त कालच दिले, आणि आपल्या सांगण्याप्रमाणे रोझ बेंगाल करून मागितली. चाचणी नकारात्मक आली आहे. मग आता निश्चिंत व्हावे काय?

निवृत्त पशुवैद्य, फोंडा

इतक्यात नको. मांस खाऊन अजून महिनाही झालेला नाही, आणि प्रतिपिंडे अंगात तयार व्हायला काही आठवडे लागतात. आज आलेला नकार हा त्याच्या पूर्वीच्या आयुष्याबद्दलचा समजा. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या, तोपर्यंत हातमोजे चालू ठेवा आणि त्याला रात्री बांधून ठेवा. त्या वेळी चाचणी सकारात्मक आली, तर वरच्या अभ्यासकांनी लिहिलेली येर्सिनियाची गोष्ट लक्षात ठेवून रक्ताचे संवर्धन करायला सांगा, आणि नमुना पाठवताना पाकिटावर ब्रुसेलाचा संशय असे ठळक लिहायला विसरू नका.

पिंजऱ्यातले उंदीरसुद्धा उघड्या हाताने काढू नका.